छोट्या आगगाडीची जुनी मोटर

आगगाडी कोणाला माहीत नाही? पण हातात मावेल अशी विजेची आगगाडी तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. तिला इंजिन असते, डबे असतात, रूळ असतात, सिग्नल असतात. सारे खऱ्यासारखे, पण एवढेसे. जत्रेत मिळते ती किल्लीची गाडी ही नव्हे. हिच्या इंजिनाच्या पोटात खरी विजेची मोटर असते. ती काड्यापेटीएवढी असते.

अशा गाड्या साठ-सत्तर वर्षांपूर्वी परदेशात लाखो घरांत होत्या. पुढे मुले मोठी झाली. गाड्या पेटाऱ्यात गेल्या. आता कोणी तो पेटारा उघडतो, गाडी रुळावर ठेवतो, वीज देतो, आणि गाडी हलत नाही. मग तो म्हणतो, “मोटर मेली.” तो हाती पेचकस घेतो, मोटर सारी सुटी करतो, पुसून पुन्हा जोडतो. आणि त्या दिवशी ती खरोखरच मरते.

असे का होते? न चालणारी जुनी मोटर बहुधा मेलेली नसते. ती मळलेली असते. तिचे तेल सुकलेले असते. तिला मारतो तो दुरुस्त करणाराच. कसे, ते या पाठात पाहू.

तुम्ही म्हणाल, “आम्ही शेतकरी माणसं. आम्हांला या खेळण्याशी काय करायचंय?” बरोबर आहे. पण घरातला मिक्सर घ्या, सुताराचे ड्रिल घ्या, मोटारसायकलचा स्टार्टर घ्या. या सगळ्यांच्या पोटात याच जातीची मोटर आहे. फरक एवढाच, की त्यांच्यात सारे झाकलेले असते आणि या छोट्या मोटरीत सारे उघडे दिसते. विहिरीवरची मोटर मात्र वेगळ्या जातीची. तिच्यात कार्बन नसतात. तिचे नियम येथे लावू नका.

गाडी आली कोठून

इंग्लंडात लिव्हरपूल नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १८६३ साली फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म झाला. पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून मुलांनी स्वतः यंत्रे बनवावीत, ही कल्पना त्यांची. १९०१ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. तोच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गाजलेला खेळ. १९२० साली त्यांच्या कारखान्यात किल्लीच्या आगगाड्या बनू लागल्या. हॉर्नबी १९३६ साली वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, त्याच कारखान्याने जेवणाच्या टेबलावर मांडता येईल अशी लहान विजेची गाडी काढली. तिचे नाव ‘हॉर्नबी डब्लो’.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिला एक जोडीदार आला. त्याचे नाव ‘ट्राय-अँग’. ही गाडी प्लास्टिकची, स्वस्त. म्हणून ती साध्या कामगाराच्या घरीही पोचली. १९६४ साली ट्राय-अँगच्या मालकांनी मेकॅनोचा कारखानाच विकत घेतला. लिव्हरपूलचा तो जुना कारखाना १९७९ साली बंद पडला. हॉर्नबी हे नाव अजून चालू आहे, पण १९९० च्या दशकात गाड्या बनवण्याचे काम चीनमध्ये गेले. म्हणजे ज्या कारागिरांनी या जुन्या मोटरी गुंडाळल्या, ते कारखाने आता राहिले नाहीत. आहे ती मोटर सांभाळायची.

या गाडीचे माप गमतीचे आहे. खऱ्या गाडीच्या एका फुटाला येथे ४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या सुमारे शहात्तरावा भाग. इंग्लंडात खऱ्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याचा शहात्तरावा भाग जवळजवळ १९ मिलिमीटर होतो. पण छोट्या गाडीच्या रुळांत अंतर ठेवले १६.५ मिलिमीटर. म्हणजे गाडी रुंद आणि रूळ अरुंद! असे का? इंग्लंडची खरी इंजिने अंगाने बारीक. रुळाच्या मापाने इंजिन केले तर त्या काळची मोटर त्याच्या पोटात मावेना. मग कारागिरांनी रूळ तसाच ठेवला आणि इंजिन थोडे फुगवले. मोटरीसाठी गाडीने आपले माप बदलले, ते आजपर्यंत तसेच आहे.

ही गाडी डोळ्यांनी पाहायची असेल तर इंग्लंडला जायला नको. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तेथे अशा गाड्या चालताना पाहायला मिळतात.

मोटर फिरते कशी

आता मोटरीच्या पोटात शिरू. एक लोहचुंबक असतो. त्याच्या दोन तोंडांच्या मधे एक लोखंडी तुकडा फिरतो. त्याला तीन हात असतात. प्रत्येक हातावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याच आसावर पुढे तांब्याचे तीन कप्पे बसवलेले असतात. कप्प्यांच्या मधे बारीक फटी असतात. याला कम्यूटेटर म्हणतात. त्याला दोन बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे टेकलेले असतात. एका कार्बनमधून वीज आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते.

तारेतून वीज गेली की तो लोखंडी हात स्वतःच चुंबक बनतो. मोठा चुंबक त्याला आपल्याकडे ओढतो. हात ओढला जातो. आता तो चुंबकाजवळ पोचला. तेथेच चिकटून बसला, तर मोटर थांबेल. मग पुढे काय?

तुमच्यातल्या वडीलधाऱ्या माणसांनी मोट पाहिली असेल. बैल धावेवरून खाली जातात, मोट वर येते. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोटकरी त्यांना मागे सारतो. तो नसेल तर बैल टोकाला उभेच राहतील. मोटरीतला मोटकरी म्हणजे कम्यूटेटर. हात चुंबकाजवळ पोचला, की कार्बनखालचा कप्पा बदलतो आणि त्या हातातल्या विजेची दिशा उलटते. ओढणारा चुंबक आता त्याला ढकलू लागतो. तेवढ्यात दुसऱ्या हाताला ओढ लागते. असे एकामागून एक. एका मिनिटात हे हजारो वेळा घडते.

ही गाडी १२ व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालते. दोन तारा अदलाबदल केल्या की गाडी उलटी धावते. इतके सोपे.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरले की त्यातून वीज निघते. मोटरीतही चुंबक आहे आणि तारेचे वेटोळे फिरते आहे. म्हणजे ती फिरता फिरता डायनॅमोही होते! ती स्वतःची थोडी वीज तयार करते, आणि ही वीज बाहेरून येणाऱ्या विजेला उलटा रेटा देते. त्यामुळे वेगाने फिरणारी मोटर थोडीच वीज खाते. पण मोटर अडकली, फिरेनाशी झाली, तर रेटा देणारे कोणी नाही. मग बाहेरची वीज धो-धो आत शिरते. तार तापते. तारेवर वार्निशासारखा पातळ लेप असतो, तो जळतो. करपल्याचा वास येतो.

म्हणून अडकलेल्या मोटरीला वीज देऊन “आता सुटेल, मग सुटेल” अशी वाट पाहत बसू नये. एका क्षणात फिरली नाही तर वीज काढा. मिक्सर घोंगावतो पण फिरत नाही, तेव्हाही हेच करायचे.

आधी बाहेरून पाहा

सर्वांत आधी जुन्या पेटाऱ्यातला वीज देणारा डबा बाजूला ठेवा. त्याला भिंतीतल्या विजेची तार असते. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज आहे, इंग्लंडातही जवळपास तेवढीच. सत्तर वर्षांत त्या तारेवरचे रबर तडकते, कापडी वेष्टण कुजते. आत वीज कोठे उघडी पडली आहे, ते बाहेरून दिसत नाही. काही डब्यांत सेलेनियम नावाच्या पदार्थाच्या पट्ट्या असतात. त्या जळल्या तर घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो. छोटी मोटर कोणाचा जीव घेणार नाही. पण हा डबा घेईल. नवा कंट्रोलर विकत मिळतो, तो घ्यावा.

मोटर तपासायला मीटरमध्ये घालतात ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टचीच असते हे खरे, पण ती वापरू नका. तारा एकमेकींना चिकटल्या तर ती इतकी वीज सोडते की तार लाल होते आणि बोट भाजते.

आता इंजिन उलटे करा. चाके पाहा. चाकांवर काळा चिकट थर दिसेल. रुळातून वीज चाकांत येते आणि चाकांतून मोटरीत. मधे हा थर आला तर वीज पोचणार कशी? फडक्याला थोडे स्पिरिट लावून चाके आणि रूळ पुसा. मग आसांवर नजर टाका. गालिचाचे धागे, बाईमाणसाचा लांब केस, मांजराची लव, काय काय गुंडाळलेले असते! बारीक चिमट्याने ते ओढून काढा. पुष्कळ गाड्या एवढ्यावरच धावू लागतात.

जुन्या हॉर्नबी डब्लोला दोन नव्हे, तीन रूळ असत. मधल्या रुळातून वीज येई आणि कडेच्या रुळांतून परत जाई. १९५९ पासून तिच्याही दोन रुळांच्या गाड्या निघाल्या. तीन रुळांची गाडी दोन रुळांवर ठेवून “चालत नाही” म्हणणारेही भेटतात.

एक चूक मात्र हमखास होते. माणूस गाडी हाताने ढकलून पाहतो, चाके फिरतात का म्हणून. असे करू नका. मोटरीच्या आसावर स्क्रूसारखे आटे असतात. त्याला वर्म म्हणतात. ते आटे चाकाच्या दातेरी चक्राला फिरवतात. मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरीला फिरवू शकत नाही. जोर केला तर दाते मोडतात. फिरवून पाहायचे असेल तर बोटाने मोटरीचा आस फिरवा. चाक हळूच सरकेल.

युद्धापूर्वीच्या काही गाड्यांत चाके आणि सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असे. ओतताना त्यात शिशाचा अंश मिसळला असेल, तर तो धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा चुरा होतो. यावर औषध नाही. भेगा दिसल्या तर त्या भागाला जोर लावू नका, तो बदलावाच लागतो.

कार्बन आणि तांबे

इंजिनाचे वरचे कवच एक-दोन स्क्रूंनी बसवलेले असते. प्लास्टिक जुने आहे, ठिसूळ झाले आहे, हे ध्यानात ठेवून ते हळू उचला. आत मोटर दिसेल. ट्राय-अँगच्या गाड्यांत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंत एकच मोटर फार चालली. तिचे नाव ‘एक्स झीरो फोर’. तिचे सारे अंग उघडे असते. तांब्याचे कप्पे बाहेरूनच दिसतात. म्हणून साफ करायला ती सुटी करावीच लागत नाही. हे विसरू नका.

कप्पे तांब्याच्या रंगाचे, चकचकीत असायला हवेत. जुन्या मोटरीत ते काळे दिसतात. कार्बन घासून त्याची पूड होते. कोणी भारंभार तेल घातलेले असते. पूड आणि तेल मिळून काजळासारखा चिखल होतो. हा चिखल फटींत बसतो. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून चिखलातूनही वाहते. मग वीज एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात पळते. तारेत जातच नाही. मोटर रखडते, ठिणग्या पडतात, अंग तापते.

कापूस एका काडीला गुंडाळा. त्यावर स्पिरिटचे दोन थेंब घ्या. आस बोटाने फिरवत कप्पे पुसा. कापूस पांढरा निघेपर्यंत पुसा. मग दात कोरायची लाकडी काडी घ्या आणि तिच्या टोकाने तिन्ही फटी साफ करा. सुई किंवा ब्लेड नको, तांबे मऊ असते, त्यावर ओरखडे पडतात. पॉलिश पेपरही नको. त्याचे दाणे फटीत राहतात आणि कार्बन खात बसतात. डाग फारच घट्ट असेल तर शाई खोडायचे रबर हलकेच घासावे.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या. त्याआधी वीज देऊ नका. कम्यूटेटरवर ठिणगी पडतेच, आणि स्पिरिट पेट घेते. पेट्रोल तर घरातही आणू नका. त्याची वाफ लांबवरून पेटते.

कार्बन झिजून बारीक झाले असतील तर नवे घालावे. या मोटरीचे कार्बन अजून मिळतात. इंग्लंडात लहान लहान दुकानदार ते बनवून घेतात आणि टपालाने पाठवतात. एक्स झीरो फोरमध्ये दोन्ही कार्बनना दाबून धरणारी एकच स्प्रिंग असते, स्त्रियांच्या केसांतल्या आकड्यासारखी. तिच्या एका पायावर बारीक नळी चढवलेली असते. ती नळी कचरा समजून फेकू नका! एका कार्बनची वीज सांगाड्यातून जाते, दुसऱ्याची सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असते. ही नळी त्या वेगळ्या ठेवलेल्या बाजूला हवी. नळी हरवली किंवा चुकीच्या बाजूला गेली, तर वीज मोटरीत न शिरता स्प्रिंगमधूनच परत जाते. मग माणूस डोके धरून बसतो. मोटर चांगली, कार्बन नवे, तरी गाडी ढिम्म.

स्प्रिंग फार घट्टही नको. कार्बन जोरात दाबले गेले तर तांबे झिजते आणि मोटर दमते. नुसते नीट टेकले पाहिजेत.

तेल किती

एक थेंब. आसाच्या दोन्ही टोकांना एकेक. तोही बाटलीतून ओतायचा नाही. सुईचे टोक तेलात बुडवा आणि तेवढाच थेंब टेकवा. काही मोटरींत आसाजवळ नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा असतो. तो तेल पिऊन ठेवतो आणि आसाला थोडे थोडे देतो. तो वाळून कडक झाला असेल तर त्याला दोन थेंब द्या.

तेल शिवणयंत्राचे घ्या. खोबरेल नको, ते थंडीत गोठते. गोडेतेल नको, ते काही महिन्यांत डिंकासारखे चिकट होते. आज जुन्या मोटरी अडकलेल्या सापडतात, त्यातल्या कितीतरी कोणी तरी घातलेल्या नको त्या तेलाने. वर्मच्या आट्यांना थोडे ग्रीस चालेल. कप्प्यांना मात्र तेलाचा स्पर्शही नको.

चुंबक काढू नका

आता मुख्य गोष्ट. मोटर मेली ती येथे.

त्या काळचा चुंबक आजच्यासारखा नव्हता. लोखंड, अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा तो असे. त्याला अल्निको म्हणतात. चुंबकाची शक्ती त्याच्या एका तोंडातून निघते आणि दुसऱ्या तोंडात परत जाते. वाट लोखंडातून असली की ती सुखाने जाते. मोटरीत ती तशीच जाते. चुंबकाला लोखंडी पट्ट्या लागून असतात, पट्ट्यांच्या मधे आर्मेचरचे लोखंड असते. वाट जवळजवळ अखंड.

आता तुम्ही दोन स्क्रू काढले आणि चुंबक ओढून बाहेर घेतला. लोखंडाची वाट तुटली. शक्तीला आता हवेतून जावे लागते, आणि हवा ही फार कठीण वाट. अल्निकोला हा ताण सोसत नाही. त्या क्षणी त्याची शक्ती घटते. चुंबक पुन्हा जागेवर बसवला तरी गेलेली शक्ती परत येत नाही. चुंबक दिसायला तसाच दिसतो. तो खिळाही उचलतो. म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही.

आर्मेचर बाहेर ओढला तरी तसेच होते, कारण मधले लोखंड गेले. ठोकल्याने आणि तापवल्यानेही चुंबक कमजोर होतो.

कमजोर चुंबकाची मोटर कशी ओळखायची? येथे पुष्कळजण फसतात. गाडी उलटी धरून वीज दिली, तर ती पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते! माणूस खूश होतो. “पाहा, कशी पळतेय!” पण रुळावर ठेवून मागे चार डबे लावले की ती रडते. हात लावावा तर चटका बसतो.

असे का, ते आता तुम्हांला सांगता येईल. फिरणारी मोटर उलटा रेटा देते, हे आपण पाहिले. चुंबक कमजोर, म्हणून रेटा कमजोर. बाहेरच्या विजेला थोपवण्याएवढा रेटा यावा म्हणून मोटरीला जास्त वेगाने फिरावे लागते. आणि ओझे पडले की वेग उतरतो, रेटा आणखी कमी होतो, वीज भरमसाट आत येते. तिच्यातून ओढ थोडी आणि उष्णता फार. अशी मोटर चालवत राहिलात, तर शेवटी तार जळते. म्हणजे चुंबक काढण्याची चूक आज आणि तार जळणे सहा महिन्यांनी. दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

मग चुंबक कधीच काढायचा नाही का? कधी कधी काढावाच लागतो. आर्मेचरची तार तुटली तर दुसरा उपाय नाही. तेव्हा जाणते कारागीर आधी मऊ लोखंडाची एक पट्टी तयार ठेवतात. चुंबक सरकवत सरकवत थेट त्या पट्टीवर नेतात, म्हणजे त्याची दोन्ही तोंडे क्षणभरही उघडी राहत नाहीत. बसवतानाही तसेच उलट. त्याआधी चुंबकाच्या कोणत्या बाजूला कोणते तोंड होते, त्याची खूण करतात. उलटा बसला तर गाडी उलटी धावेल.

शक्ती गेलीच असेल तर ती पुन्हा भरता येते. जाड तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडणारे यंत्र असते. पूर्ण जोडलेली मोटर त्यात ठेवतात आणि चुंबक पुन्हा ताजा होतो. पुन्हा सुटी केली, की शक्ती पुन्हा जाणार. दुसरा उपाय नव्या काळचा. १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक निघाले. शर्टाच्या बटणाएवढा तुकडा जुन्या मोठ्या चुंबकाचे काम करतो, आणि तो बाहेर काढल्याने कमजोर होत नाही. जुन्या चुंबकाच्या जागी तो बसवतात आणि उरलेली जागा लोखंडाच्या तुकड्यांनी भरतात, कारण वाट अखंड हवी. जुन्या वस्तूंचे शौकीन यावर नाक मुरडतात. मला विचाराल तर पेटाऱ्यात मुकी पडलेली गाडी राखण्यापेक्षा नवा चुंबक घालून ती चालवलेली बरी. जुना चुंबक पुडीत बांधून ठेवावा.

पण निओडिमियमचे तुकडे घरात असतील तर लहान मुलांपासून सांभाळा. मुलाने दोन तुकडे गिळले, तर ते पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि आतडे मधे चिमटले जाते. असा संशय जरी आला, तरी मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. मूल बरे दिसले तरी न्यावे.

जर्मनीतल्या मार्कलिनच्या आणि अमेरिकेतल्या लायोनेलच्या जुन्या गाड्या बहुतेक वेगळ्या असत. त्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालत. त्यांच्या मोटरीत कायमच्या चुंबकाऐवजी तारेचेच वेटोळे असे. घरच्या मिक्सरमध्येही तसेच असते. तेथे शक्ती जाण्याची भीती नाही. मिक्सरची भीती वेगळी, ती २३० व्होल्टची. पिन काढल्याशिवाय त्याला पेचकस लावू नये.

तार तुटली की काय, हे कसे कळेल

सगळे साफ झाले, तरी गाडी हलत नाही. आता मीटर घ्या. तो मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे असतोच. कार्बन थोडे उचलून धरा. तीन कप्प्यांपैकी दोन-दोन कप्प्यांवर मीटरच्या काड्या टेकवा. अशा तीन जोड्या होतात. तिन्ही वेळा मीटरने जवळपास सारखा आकडा दाखवला तर तारा चांगल्या आहेत. एक आकडा बाकीच्या दोघांच्या दुप्पट आला, तर त्या दोन कप्प्यांमधली तार तुटली आहे. एक आकडा फारच कमी आला, तर तेथला लेप जळून तारेचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत. मग एक काडी कप्प्यावर आणि दुसरी आसावर टेकवा. तेथे मीटर हलता कामा नये. हलला तर तारेची वीज लोखंडात उतरते आहे.

तार तुटते ती पुष्कळदा कप्प्याच्या डाखाजवळच. भिंग लावून पाहा. टोक दिसले तर डाख देऊन काम भागते. तार आतून जळाली असेल तर आर्मेचर नवा गुंडाळावा लागतो. गावचा रिवाइंडिंगवाला ते करू शकेल, पण त्याला सांगा, “तिन्ही हातांवर वेढे मोजून सारखे घाला, आणि तार जुनी होती तेवढ्याच जाडीची घ्या.” एका हातावर वेढे कमी पडले तर मोटर लंगडत फिरते.

जोडून झाल्यावर गाडी लगेच डब्यांना जुंपू नका. रुळाचे गोल कडे करा. मोकळे इंजिन पाव तास पुढे चालवा, पाव तास मागे. नवे कार्बन तेवढ्यात घासून कप्प्यांच्या गोलाईला बसतात. ठिणग्या आधी जास्त दिसतील, मग कमी होतील. दर पाच मिनिटांनी थांबवून मोटरीला बोट लावा. कोमट लागली तर ठीक. बोट ठेववत नसेल तर थांबा आणि पुन्हा वर्मपासून पाहायला लागा, कोठे काय घासते आहे ते. चालवून झाल्यावर कप्पे एकदा पुन्हा पुसा, कारण पहिल्या अर्ध्या तासात कार्बनची पूड फार पडते. मग कवच चढवा, आणि पेटाऱ्यात कागदाच्या चिठ्ठीवर तेल घातल्याची तारीख लिहून ठेवा.